गोव्याच्या रानात पहिली रात्र: साधं सामान घेऊन कशी काढायची

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला. आमच्या घरामागची पायवाट काजूच्या बागेतून वर चढते आणि तासाभरात माडतीची, किंदळाची, नाण्याची मोठी झाडं सुरू होतात. तरीही रानात मुद्दाम रात्र काढलेली माणसं आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आता फोंडा, म्हापसा, मडगावहून मुलं-मुली विचारतात, "रानात एक रात्र राहायचंय, कुठला तंबू घेऊ?" तंबूचा विचार सगळ्यात शेवटी करा. पहिल्या रात्रीला एक ताडपत्री, दोरी, मच्छरदाणी आणि पांघरूण पुरतं. त्याहून महत्त्वाचं एकच: दुपारी चार वाजता, स्वच्छ उजेडात, पाठीवरची बॅग मुक्कामाच्या जागी खाली ठेवलेली असली पाहिजे. खाली जे जे सांगतो आहे ते बहुतेक या चार वाजण्यासाठीच आहे.

महिना ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. एवढीच मुदत नवख्याने धरावी.

पावसाळ्यात धबधबे ओढतात हे खरं, पण तेव्हा रानात रात्र काढायला जाऊ नका. आपले व्हाळ (ओढे) घाटमाथ्यावरून उतरतात. वर पाऊस कोसळला की खाली तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असतानाही पाणी बघता बघता चढतं आणि परतीची वाट बंद होते.

फेब्रुवारीपासून अडचणी वेगळ्या. गवत वाळतं, लहान व्हाळ आटतात, वणवे लागतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेले वणवे दिवसेंदिवस जळत होते, ते आम्ही गावातून पाहिलेत. काजूचा हंगाम सुरू झाला की बोंडूंच्या (काजूफळांच्या) वासाने जनावरंही बागांत उतरतात. आणि गोचीड वाढतात, त्यांच्याविषयी पुढे सविस्तर.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दरीत मात्र पाचलाच सावली उतरते आणि दाट झाडीत साडेपाचला दोरीची गाठ दिसत नाही. घड्याळाकडे बघून हिशेब करू नका, झाडांखालच्या उजेडाकडे बघून करा.

कुठे राहायचं, कोणाला विचारायचं

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि भगवान महावीर अभयारण्य, शिवाय मोले राष्ट्रीय उद्यान, असा गोव्याच्या घाटाचा बहुतेक भाग संरक्षित आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग रात्र काढणं दूरच. वनखात्याच्या कचेरीत आधी जाऊन विचारा. लेखी परवानगी मिळाली तरच आत मुक्काम, आणि तीत लिहिलेल्या जागेवरच. दूधसागरला रुळांवरून चालत जायचा विचार कोणी सुचवला तर तो ऐकू नका. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते.

पहिल्या वेळेसाठी माझा आग्रह वेगळा आहे. अभयारण्याच्या बाहेर, रानाच्या कडेला कोणाची तरी काजूबाग किंवा कुळागर (नारळ-सुपारीची बाग) शोधा. केरीच्या वरच्या अंगाला, खोतीगावच्या वाटेवर अशा खाजगी जमिनी आहेत. मालकाला भेटा, कोण आहात ते सांगा, किती जण येणार, कुठून येणार, सकाळी किती वाजता निघणार ते सांगा. रानाचा आवाज तोच, काळोख तोच, पण हाकेच्या अंतरावर माणूस असतो. दुसरं कारणही आहे. रात्री पिकाच्या राखणीला माणसं फिरतात. झाडीत हलणारी सावली तुम्ही आहात हे त्यांना आधीपासून माहीत असायला हवं.

विचारल्याचा फायदा कसा होतो ते सांगतो. एकदा मी एका बागायतदार काकांना व्हाळाकाठची एक सपाट जागा दाखवून विचारलं, "काका, इथे राहिलं तर चालेल?" ते म्हणाले, "थंय गवेरेडे उदक पिवपाक येतात. हांगाच रावात." म्हणजे तिथे गवे पाणी प्यायला येतात, इथेच राहा. आणि घरापासून शंभरेक पावलांवरचा फणसाखालचा मळा दाखवला. नकाशावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

देवराईत मुक्काम नाही. बांबरची निरंकाराची राय असो की एखाद्या वाड्यावरची लहानशी राय, आत चपला घालून जायचं नाही, वाळलेली काटकीही उचलायची नाही. वारुळालाही हात लावू नका. आमच्याकडे ते सातेरी देवीचं रूप आहे, आणि जुन्या वारुळात साप राहतात हेही तितकंच खरं.

सामान

पाण्यासकट बॅग आठ किलोच्या आत ठेवा. घरीच वजनकाट्यावर ठेवून बघा, आणि ती पाठीवर घेऊन तासभर चढावर चाला. खांदे दुखले तर काहीतरी काढा.

ताडपत्री नऊ बाय बारा फुटांची. पावसाच्या तोंडावर आपण पडवीला लावतो तीच, सांखळी-वाळपईच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली अंथरायला दुसरी लहान. नायलॉनची दोरी दहा मीटर एक, दोन-दोन मीटरचे सहा तुकडे वेगळे. एकट्याची मच्छरदाणी. खाली घालायला फोमची चटई. थंडी वरच्या हवेपेक्षा जमिनीतून जास्त लागते, म्हणून अंगावर दोन चादरी घेण्यापेक्षा खाली जाड काहीतरी असणं बरं. अंगावर आजीच्या जुन्या साड्यांची वाकळ असेल तर तिच्याइतकं उबदार काही नाही. फक्त ती जड असते, म्हणून एकेरी शिवलेली घ्या.

डोक्याला बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल. शिट्टी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, मोज्यांचे दोन जोड आणि झोपायला एक कोरडा जोड कपडे, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. हे कोरडे कपडे दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचे नाहीत. बूट वापरून मऊ झालेले. नवे बूट पहिल्यांदा रानात घातलेल्या मुलाला मी अर्ध्या वाटेवर अनवाणी चालताना पाहिलंय.

औषधांत तुमच्या रोजच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, पट्टी, ताणाचं बँडेज, खाजेवरची गोळी, बारीक टोकाचा चिमटा. मासिक पाळीचे दिवस असतील तर वापरलेल्या पॅडसाठी घट्ट बंद होणारी पिशवी ठेवा आणि ती घरी परत आणा. रानात पुरलं तर जनावरं उकरतात.

चालताना

पाठीवर ओझं घेऊन, चढावर, पायवाटेने नवखा माणूस तासाला दोन किलोमीटर चालतो. तेवढंच धरा. पाच किलोमीटरचा मुक्काम असेल तर सकाळी नऊला निघा, म्हणजे वाट चुकलात, पाय मुरगळला, पाणी शोधावं लागलं, तरी चार वाजतात. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) गाड्या आतल्या गावांना दिवसातून थोड्याच असतात, म्हणून जायची आणि यायची दोन्ही वेळ वाळपई, केपे किंवा काणकोणच्या बसस्टँडवर आधीच विचारून ठेवा.

नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्या. दरीत उतरलात की नेटवर्क जातं. कुठे जाता, कोणाच्या जमिनीत राहता आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता फोन कराल, हे घरच्या एकाला कागदावर लिहून द्या.

वाट चुकल्यासारखी वाटली तर थांबा. बसा, पाणी प्या, शेवटची ओळखीची खूण आठवा आणि तिथपर्यंत परत जा. व्हाळ धरून खाली उतरलं की गाव मिळतं असं पुष्कळ जण सांगतात. आपल्या घाटात तो व्हाळ पुढे कड्यावरून उडी घेतो. वर चढता येईल तिथवरच खाली उतरा. मदत हवी असेल तर तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन.

वाटेत खाजकुइलीच्या लवदार तपकिरी शेंगा वेलीला लटकलेल्या दिसतील. वेलीला धक्का लागला तरी लव उडते. अंगाला लागली तर चोळू नका, कपड्याने पुसू नका. चिकटपट्टीने ओढून काढा, मग धुवा.

चार वाजता: जागा बघणं

बॅग खाली ठेवा आणि दोरी काढायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघा.

आधी वर. सुकलेली फांदी, माडाच्या किंवा माडीच्या (सुपारीच्या) झावळ्या, तांबड्या हुमल्यांनी (मुंग्यांनी) पानं शिवून केलेलं घरटं, यांतलं काही डोक्यावर नको. मग खाली. वाळलेल्या व्हाळाची वाळू कितीही मऊ दिसली तरी तिच्यात झोपायचं नाही. आणि शेवटी आजूबाजूला. रानात गवत दबलेली, शेण पडलेली अरुंद वाट दिसली तर ती जनावरांची. तिच्यापासून लांब.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काहीच बघितलं नव्हतं. आम्ही तिघे मित्र जेवून दुपारी एकला निघालो. दरीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बॅटरीच्या उजेडात वाळूचा सपाट पट्टा दिसला, तिथेच ताडपत्री बांधली. रात्री जवळून जड पावलं गेली, दगडावर दगड घासल्यासारखा आवाज झाला, आम्ही श्वास धरून पडून राहिलो. सकाळी बघितलं तर दोरीपासून दोन हातांवर गव्याच्या खुरांचे ठसे होते. ओल्या वाळूत खोल गेलेले, कडा अजून ढासळल्या नव्हत्या, आणि एका ठशात तळाला पाणी साचत होतं. त्यानंतर मी कधीच चारनंतर मुक्कामाला पोचलो नाही.

आता ताडपत्री. दोन झाडांमध्ये, छातीएवढ्या उंचीवर मोठी दोरी ताणून बांधा. तिच्यावरून ताडपत्री टाका, म्हणजे घराच्या कौलांसारखे दोन उतार होतात. वारा येतो त्या बाजूची कड जमिनीला टेकवा, दुसरी हातभर उचललेली ठेवा. स्वस्त ताडपत्रीच्या कोपऱ्यातल्या कड्या ताणाने फाटतात. तिथे असं करा: कोपऱ्यापासून वीतभर आत एक गुळगुळीत गोटा ताडपत्रीखाली धरा, बाहेरून त्याच्याभोवती प्लास्टिक आवळून मान करा आणि त्या मानेभोवती दोरी बांधा. कितीही ओढा, सुटत नाही. मोठ्या दोरीवर, ताडपत्री सुरू होते तिच्या वीतभर आधी, दोन्ही टोकांना एकेक सुती चिंधी बांधून लोंबती ठेवा. दंव किंवा पाऊस दोरीवरून वाहत आत यायच्या आधी त्या चिंधीवरून खाली ठिबकतो.

दंवाला कमी लेखू नका. उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) डिसेंबरात आभाळाखाली झोपलात तर पहाटे पांघरूण पिळता येतं.

मच्छरदाणी त्याच मोठ्या दोरीला आतून टांगा आणि तिची कड चारही बाजूंनी चटईखाली नीट दाबा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. कड दाबलेली मच्छरदाणी त्याला बाहेर ठेवते, विंचवाला आणि गोचिडांनाही.

पाणी आणि जेवण

माणशी चार लिटर पाणी हवं. व्हाळाचं पाणी स्वच्छ दिसलं तरी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर उकळून, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेली वेळ थांबूनच प्या. वरच्या बाजूला बाग असेल तर फवारणीचं औषध पाण्यात उतरलेलं असू शकतं आणि ते उकळून जात नाही. अशा वेळी मालकाच्या विहिरीचं पाणी भरून घ्या.

शेकोटी करू नका. अभयारण्यात तर ती कायद्याने बंद आहे, बाहेरही वाळल्या पानांवर एक ठिणगी पुरते. पहिल्या मुक्कामाला चूलही नको, सगळं थंड जेवण न्या. निघताना पदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोल पाव, घ्या, दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. उकडलेली अंडी, साल्दात्ती केळी, गूळ, भाजलेले चणे. चालून घाम आल्यावर मीठ घातलेलं आमसुलाचं पाणी. सकाळी दडपे पोहे: पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, मीठ, वर झाकण ठेवून पंधरा मिनिटं. विस्तवाची गरजच पडत नाही. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर मलाही प्राणाहून प्रिय आहे, पण ती घरी ठेवा. तिचा वास कुठवर जातो ते आपल्याला माहीत आहे.

उरलेलं खाणं डबाबंद करून, पिशवीत घालून, झोपायच्या जागेपासून तीसेक पावलांवर फांदीला उंच टांगा. भांडी व्हाळात विसळू नका. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब जा, वीतभर खड्डा करा आणि माती ओढा. कागद पिशवीतून परत आणा.

रात्र

सात वाजता रात्र झालेली असते आणि पुढे अकरा तास काळोख आहे, हे कोणी आधी सांगत नाही. गप्पा मारा, मग बॅटरी बंद करून अर्धा तास बसा. डोळे सरावले की झाडांच्या कडा दिसू लागतात. रातवा पक्ष्याचा लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज येईल. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. पानांवर खसफस करणारं बहुधा साळिंदर किंवा उंदीर असतं. काळोखात लहान जनावराचा आवाज मोठा वाटतो.

उठायचं झालं तर आधी बॅटरी लावा, मग पाय खाली. बूट उलटे करून झटका. झाडीत, लाकडाखाली, फटीत हात घालू नका. हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर निपचित बसलेला असतो आणि पानांत ओळखू येत नाही.

गवा दिसला तर जागीच थांबा, हळूहळू मागे सरका, पिल्लू आणि आई यांच्या मधे येऊ नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका. अस्वल सकाळ-संध्याकाळ फिरतं आणि अचानक समोर आलं तर घाबरून अंगावर येतं. त्या वेळी चालायचं झालं तर बोलत चाला, म्हणजे ते आधीच बाजूला होतं.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, वेळ लिहून ठेवा, १०८ला फोन करा. साप मारायला किंवा पकडायला मागे जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावरचं औषध इस्पितळातच मिळतं आणि तिथे लवकर पोचणं हाच उपाय. म्हणून मुक्कामाला जायच्या आधीच जवळचं इस्पितळ कुठलं आणि गाडी कुठवर येते, हे बागेच्या मालकाला विचारून ठेवा.

सकाळ आणि घरी आल्यावर

उजेड नीट पडल्यावरच आवराआवर करा. ताडपत्री झटकून घडी घाला, दोरीच्या सगळ्या गाठी सोडा, चिंधीसुद्धा मागे ठेवू नका. मालकाला भेटून निघालो म्हणून सांगा. घरचं काही नेलं असेल, चार केळी का होईना, तर द्या.

आता गोचिडांविषयी. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. हा विषाणूचा आजार, गोचिडांमधून माणसात येतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे आपल्या चांगल्या दिवसांतलेही दोन महिने त्यात येतात. म्हणून गावात आधीच विचारा: इथे यंदा ताप आलाय का, रानात माकडं मेलेली सापडलीत का? उत्तर हो असेल तर ती जागा सोडा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. चालताना पँट मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला कीटक दूर ठेवणारं तेल किंवा मलम लावा, पाल्यापाचोळ्यावर नुसते बसू नका.

घरी आलात की कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि साबण लावून आंघोळ करा. काखा, जांघा, कानांमागे, गुडघ्यांमागे, केसांत गोचीड शोधा. लहान पिल्लं तिळाएवढीही नसतात, एकमेकांची पाठ बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. चिरडू नका, रॉकेल लावू नका, आणि नंतर हात धुवा.

ताडपत्री आणि मच्छरदाणी दिवसभर उन्हात घाला, ओली घडी घातली की आठवड्यात बुरशी धरते. पुढचे पंधरा दिवस अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर घरी गोळी घेऊन पडून राहू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी अमुक तारखेला अमुक गावच्या रानात राहून आलोय.